नवे टायर येईपर्यंत

त्या वर्षी मार्चपासून जूनपर्यंत आमच्या घरात टायर सोडून दुसरा विषय नव्हता. सकाळच्या चहाला टायर, रात्री जेवताना टायर, रविवारी सासूबाईंशी स्काईपवर बोलतानासुद्धा टायर. मी सॉफ्टवेअरमधली बाई. टायर काळा असतो, गोल असतो आणि पंक्चर झाला की नवऱ्याला फोन करायचा असतो, एवढंच माझं त्या विषयातलं शिक्षण. त्या चार महिन्यांत ते इतकं वाढलं की झोपेतून उठवून कुणी विचारलं असतं तरी मी मागच्या चाकाची रुंदी धडाधड सांगितली असती. आणि हे सगळं मी सहन का करत होते? तर मला ती गाडी चालवायची होती.

गाडीबद्दल आधी सांगायला हवं. आम्ही श्टुटगार्टला राहत होतो, त्सुफेनहाउझेनच्या दोन स्टेशनं अलीकडे. नवरा मेकॅनिकल इंजिनिअर, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ब्रेकच्या कामावर. त्याच्या नोकरीमागून मी पुण्याची नोकरी सोडून इथे आले होते आणि दोन वर्षं घरी बसून जर्मन शिकल्यावर मला इथे काम मिळालं होतं. त्सुफेनहाउझेनच्या कारखान्यातून ज्या जगप्रसिद्ध स्पोर्ट्स गाड्या बाहेर पडतात, त्यांतली एक त्याने एका निवृत्त दंतवैद्याकडून घेतली. दहा वर्षं जुनी, निळी, दोनच सीटची, छप्पर उघडणारी, इंजिन आपल्या पाठीमागे. पुण्याच्या होस्टेलवर त्याच्या खोलीत हिचंच चित्र भिंतीवर होतं म्हणे. लोक देवादिकांची लावतात, याने हिचं लावलं होतं.

गाडी घ्यायला मी हो म्हटलं ते एका अटीवर. मीही चालवणार. पुण्यात मी दहा वर्षं गाडी चालवलेली होती, पण आपलं लायसन्स इथे पहिले सहा महिने चालतं, त्यानंतर सगळं नव्याने. लेखी परीक्षा, ड्रायव्हिंग स्कूल, मग शेजारी शिक्षक आणि मागे परीक्षक बसवून रस्त्यावरची परीक्षा. पहिल्या वेळी मी नापास झाले, कारण लेन बदलताना मान वळवून खांद्यावरून मागे पाहिलं नाही. शुल्टरब्लिक म्हणतात त्याला. दुसऱ्या वेळी मी मान इतकी वळवली की दोन दिवस दुखत होती. पास झाले. फेब्रुवारीत हातात कार्ड आलं, मार्चमध्ये गाडी आली. योग असा जुळून आला की मला वाटलं, आता घोडं गंगेत न्हालं.

पहिल्याच रविवारी मी हात पुढे केला. "चावी दे."

तो म्हणाला, "देतो की. फक्त एक आहे. मागचे टायर संपत आलेत. ओल्या रस्त्यावर घसरतील, आणि तुला या गाडीची सवय नाही. नवे टायर टाकले की पहिली तूच चालव."

बोलणं समंजस होतं. जीव महत्त्वाचा. मी म्हटलं, ठीक आहे, पुढच्या आठवड्यात टाकून घेऊ.

पुढच्या आठवड्यात! मी माझ्या नवऱ्याला तोपर्यंत सहा वर्षं ओळखत होते. पुण्यात साधी मिक्सरची जाळी घ्यायला हा माणूस तुळशीबागेपासून रविवार पेठेपर्यंत सगळी दुकानं पालथी घालायचा आणि शेवटी पहिल्या दुकानातूनच घ्यायचा. तरी मी पुढच्या आठवड्याची आशा धरली.

आमच्या कोपऱ्यावर एक टायरवाला होता. त्याच्याकडे हवे ते टायर होते, मंगळवारी बसवून देतो म्हणाला होता. नवऱ्याने भाव विचारला, मान डोलावली आणि घरी येऊन लॅपटॉप उघडला. दोन दिवसांनी परत जाऊन भाव विचारला. पुढच्या आठवड्यात तिसऱ्यांदा. त्यानंतर तो टायरवाला आम्हाला रस्त्यात पाहून 'हालो' म्हणेनासा झाला.

मग शास्त्र सुरू झालं. कारखान्याने मान्य केलेल्या टायरच्या बाजूवर एक छोटी खूण असते, ती हवीच. पुढचे टायर वेगळ्या मापाचे, मागचे वेगळ्या. चारही एकाच कंपनीचे हवेत. टायरवर तो कोणत्या आठवड्यात तयार झाला ते छापलेलं असतं, ते दुधाच्या पिशवीवरची तारीख पाहावी तसं पाहायचं. इथपर्यंत मी समजू शकत होते. पण त्यानंतर तो देशांच्या सीमा ओलांडायला लागला.

वोल्फ्सबुर्गला त्याचा कॉलेजमधला मित्र होता, तोही गाड्यांच्याच धंद्यातला. तो म्हणाला, आमच्याकडचे सगळे पोलंडला जाऊन टायर टाकतात. फ्रँकफर्टचा मित्र म्हणाला, पेट्रोल भरायला लोक लक्झेंबर्गला जातात, तू टायरही तिथेच बघ. ऑफिसमधला एक जण ऑस्ट्रियाचे गोडवे गात होता. आणि स्वित्झर्लंडची माणसं? ती तर दर शनिवारी सीमा ओलांडून आमच्या बाजूला, जर्मनीत, स्वस्त म्हणून साबणापासून मटणापर्यंत सगळं घेऊन जात होती. म्हणजे युरोपात सगळ्यांना पलीकडचंच स्वस्त दिसत होतं, आणि माझा नवरा त्या सगळ्यांचे भाव एका एक्सेलमध्ये भरत होता. त्यात पेट्रोलचा एक रकाना होता. टोलचा होता. "वाटेतलं जेवण" असाही एक होता.

"आणि माझ्या डोक्याचं जे भरीत झालंय, त्याचा रकाना कुठाय?" मी विचारलं.

"आल्झो, तू असं बघ," तो शांतपणे म्हणाला. रागावलेल्या माणसाशी आल्झोने, म्हणजे 'तर मग'ने, सुरुवात करून बोलायची त्याला जर्मनांमुळे सवय लागली होती. "पैशाचा प्रश्न नाहीये. प्रश्न योग्य किमतीचा आहे."

स्काईपवर सासूबाईंनी दर रविवारसारखं विचारलं, "काय गं, मिळाले का टायर?"

मी म्हटलं, "अहो आई, अजून बघणं चालू आहे."

"अगं, तुझ्या वेळी सुद्धा याने एवढी चौकशी केली नव्हती," त्या म्हणाल्या आणि खो खो हसल्या. मला हसू आलं नाही.

कारण मधल्या काळात रविवारमागून रविवार जात होते. वसंत आला. चेरीला बहर आला, गेला. दर रविवारी तो गाडी धुवायचा, मऊ फडक्याने पुसायचा, छप्पर उघडायचा आणि मला शेजारी बसवून बेकरीपर्यंत घेऊन जायचा, जिथे आम्ही एरवी चालत जायचो. रस्ता कोरडा ठणठणीत असायचा. मी म्हणायचे, "आज कोरडा आहे." तो म्हणायचा, "टायरचं सांगता येत नाही." आणि एकदा ऑटोबानवर, जिथे वेगाला मर्यादा नव्हती, तिथे त्याच टायरवर काटा दोनशेच्या पुढे गेला. मी दाराची मूठ घट्ट धरून विचारलं, "आणि हे?" तर म्हणाला, "मला सवय आहे गं."

जूनमध्ये एका संध्याकाळी तो लॅपटॉपसमोरून उठला आणि त्याने दोन्ही हात वर केले. स्ट्रासबुर्गला, म्हणजे फ्रान्समध्ये पण आमच्यापासून दीड-दोन तासांवर, हवे तेच टायर. खूण आहे, तारीख ताजी, चार घेतले तर एक जवळजवळ फुकट. शनिवारी जायचं. दुकानातच तासाभरात बसवून देतात.

"आणि येताना?" मी विचारलं.

"येताना तू चालव," तो म्हणाला.

शुक्रवारी रात्री मी लहान मुलीसारखी उत्साहात होते, हे कबूल करायला मला लाज नाही. सपाट बूट काढून ठेवले. केस उडू नयेत म्हणून रुमाल ठेवला. सकाळी पोळी-भाजीचा डबा घेऊन खाली गेले तर हा गाडी रिकामी करत होता. छत्री, पांघरूण, पाण्याच्या बाटल्या, एक हत्यारांची पिशवी, सगळं बाहेर. म्हणाला, "उगाच वजन. वजन कमी तेवढं पेट्रोल कमी." कायद्याने ठेवावं लागतं तेवढं आत राहिलं, बाकी सगळं तळघरात, केलरमध्ये, त्याच्या खोक्यात. त्या खोक्यांवर तो सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या लावतो. माझा डबासुद्धा त्याने हातात घेऊन जोखला.

कार्ल्सरूहला रस्त्याचं काम चालू होतं, तिथे अडकलो. सीमेवरच्या केल गावच्या पुलावरून ऱ्हाईन ओलांडली आणि फोनचं इंटरनेट बंद केलं, कारण तेव्हा परक्या देशात ते वापरलं की बिल बघून घेरी यायची. मग कागदावर छापून आणलेला नकाशा, आणि फ्रेंचांचे ते गोल चौक. एका चौकाला आम्ही इतक्या प्रदक्षिणा घातल्या की तिथल्या फुलवाल्याने हात केला. दुकान सापडलं तेव्हा दुपार होत आली होती.

टायर तयार होते. नवऱ्याने खूण पाहिली, तारीख पाहिली, चक्क वास घेतला. पैसे भरले. गाडी जॅकवर वर गेली. मी काचेच्या पलीकडे मशीनची कॉफी पीत उभी होते आणि मनातल्या मनात क्लच दाबत होते. तेवढ्यात तिथला कामगार हात पुसत बाहेर आला. सीमेलगतच्या अल्झास भागातला होता, त्यामुळे जर्मन बोलायचा. त्याने विचारलं, "कुलपाची चावी कुठाय?"

मला काही कळलं नाही. नवऱ्याला कळलं. त्याचा चेहरा पिठासारखा झाला.

चोरांनी महागडी चाकं काढून नेऊ नयेत म्हणून अशा गाड्यांच्या प्रत्येक चाकाला एक बोल्ट कुलपाचा असतो. तो उघडायला मुठीत मावेल एवढा एक खास लोखंडी तुकडा लागतो. तो नसेल तर जगातला कुठलाही कामगार चाक काढू शकत नाही. आणि तो तुकडा हत्यारांच्या पिशवीत होता. पिशवी केलरमध्ये होती. चार महिने चार देशांचे भाव काढणारा हा इंजिनिअर, टायर बसवायला निघताना चाकं उघडायची चावी वजन वाचवायला म्हणून घरी ठेवून आला होता.

कामगार म्हणाला, फोडून काढता येईल, पण चाकाला ओरखडे पडतील. ओरखडे हा शब्द ऐकून नवऱ्याने भिंतीला हात टेकला. टायर इथेच ठेवून पुढच्या शनिवारी परत यायचं? मग पेट्रोलचा रकाना दुप्पट होणार आणि सगळी स्वस्ताई ऱ्हाईनमध्ये. शिवाय शनिवार, दुकान बंद व्हायची वेळ. शेवटी असं ठरलं की टायर घरी न्यायचे आणि सोमवारी त्या कोपऱ्यावरच्या, आता हालो न म्हणणाऱ्या टायरवाल्याकडून बसवून घ्यायचे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

एक टायर पुढच्या डिकीत गेला. दुसरा मागच्या डिकीत दाबून दाबून कोंबला. उरलेले दोन शेजारच्या सीटवर, एकावर एक. आणि मग आम्ही तिघं, म्हणजे मी, तो आणि तो कामगार, त्या गाडीकडे बघत उभे राहिलो. माणसं दोन होती आणि सीट एक उरली होती.

"आल्झो," नवरा म्हणाला. "असं करू. तू रेल्वेने ये. दीड तासात श्टुटगार्ट. मी तुला स्टेशनवर सोडतो."

"कुठे बसवून सोडतोस? बॉनेटवर?"

त्याने रस्त्याकडे बघितलं. "बस असेल स्टेशनपर्यंत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मराठीत, मोठ्या आवाजात बोलायला लागले. परदेशात मराठीचा हा एक फायदा असतो. "आणि तू कशाने येणार? याच टायरवर?"

"हो."

"संपत आलेत ना ते? पाऊस येईलसा वाटतोय."

"मी हळू येईन."

"मग मीही हळू जाईन."

"तुला रस्ता माहीत नाही. नेट नाही. क्लच जड आहे हिचा. आणि शेजारी टायर असल्यावर तुला उजवीकडचं दिसणार नाही, शुल्टरब्लिक कसा करशील?"

"तुला दिसणार आहे का टायरच्या आरपार?"

आणि तेव्हा, त्या दुकानाच्या दारात, मला लख्ख कळलं की टायर मध्ये कधी नव्हतेच. आज टायर संपले असते तर उद्या क्लच निघाला असता, परवा हिवाळा निघाला असता. हा माणूस टायर शोधत नव्हता. शोधायचं संपू नये एवढंच बघत होता. मला राग आला, आणि त्याहून जास्त अपमान वाटला. जर्मनांनी मागच्या सीटवर परीक्षक बसवून माझ्या हातात गाडी दिली होती आणि माझ्या घरातला माणूस देत नव्हता.

"चावी दे," मी म्हटलं.

कामगार लांब पाव खात आमच्याकडे बघत होता. त्याला एकही शब्द कळत नव्हता, पण बाकी सगळं कळत असावं, कारण त्याने खाणं थांबवलं. नवऱ्याने चावी दिली.

मी सीट पुढे ओढली, आरसे सारखे केले. टायरला पट्टा बांधला, कारण सीटवर वजन असलं की गाडी टिंग टिंग करत राहते. नवरा खिडकीशी वाकून म्हणाला, "आत्ताच्या आत्ता तिकीट काढलं तर फार महाग पडेल गं."

"तुलना कर," मी म्हटलं आणि निघाले.

निघाले म्हणजे, फाटकातच दोनदा गाडी बंद पडली. आरशात तो दिसत होता, डोक्यावर दोन्ही हात ठेवून उभा. तिसऱ्यांदा सुटली. फुलवाल्याच्या चौकाला मीही दोन प्रदक्षिणा घातल्या. केलचा पूल आला तेव्हा जर्मनीतली ओळखीची पिवळी पाटी पाहून मला रडू फुटलं, का ते आजही सांगता येणार नाही. गाडीत रबराचा वास इतका कोंडला होता की डोकं भणभणायला लागलं. बाडेन-बाडेनच्या आसपास पाऊस सुरू झाला. मी एका पोलिश ट्रकच्या मागे उजव्या लेनमध्ये ऐंशीने चालले होते. मागून कुणी दिवे मारत होतं, कुणी शेजारून जाताना वळून बघत होतं. या गाडीला या वेगाने जाताना त्यांनी कधी पाहिलं नसावं. वाटेल तितकं बघा म्हटलं. स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की बोटं बधिर झाली.

फोर्ट्सहाइमच्या पुढे चढ लागतो. तोवर पाऊस थांबला होता आणि रस्त्यावर ऊन पडलं होतं. ट्रक चढाला रेंगाळला. मी आरसा पाहिला, दुसरा आरसा पाहिला, मान वळवून डावीकडे मागे पाहिलं, गिअर बदलला आणि पाय दाबला. पाठीमागून इंजिन असं काही ओरडलं की मीही ओरडले. ट्रक मागे पडला, त्याच्यापुढचा दुसरा ट्रकही मागे पडला. मी एकटी होते, शेजारी दोन टायर होते, आणि मी मोठमोठ्याने हसत होते. लग्न होऊन या देशात आल्यापासून मी इतकी खूश कधी झाले नव्हते.

नवरा घरी आला तेव्हा संध्याकाळ झाली होती. रेल्वे उशिरा सुटली होती म्हणे, उभं राहून आला. वरून मी खिडकीतून पाहिलं. तो जिना चढायच्या आधी गाडीकडे गेला. तिच्याभोवती फिरला, उकिडवा बसला, चारही चाकांच्या कडांवरून हात फिरवला. मी कार्ल्सरूहपासून मनात जुळवलेली सगळी वाक्यं घेऊन खाली उतरले.

तो म्हणाला, "काही झालं नाही."

"माहितीये मला. आत मीच होते."

तो उठला नाही, तिथेच फरशीच्या कडेवर बसला. म्हणाला, "तुझ्या चालवण्याचा प्रश्न नव्हता गं. तू माझ्यापेक्षा नीट चालवतेस. घर आपलं आहे, पैसे आपले आहेत, सुट्ट्या आपल्या आहेत, आई-बाबासुद्धा आता आपले आहेत. ही एकच गोष्ट होती जी फक्त माझी होती. तू चालवलीस की तीही आपली होणार. एवढंच होतं. हे कुणाला सांगणार? हसले असते."

माझ्या जुळवलेल्या वाक्यांतलं एकही कामाला आलं नाही. मी म्हटलं, "हे तू मार्चमध्येच सांगितलं असतंस, तर मी मागितलीच नसती."

त्याने मान हलवली. त्याला खरोखर वाईट वाटलेलं दिसत होतं. मग आम्ही टायर काढले आणि एकेक करून केलरमध्ये न्यायला लागलो. टायर पोटाशी धरून मी त्या अंधाऱ्या जिन्यावरून उतरत होते आणि मला कळत होतं की मी त्याच्याशी खोटं बोलले. त्याने मार्चमध्ये सांगितलं असतं तरी मी मागितली असती. त्या देशात फक्त माझं म्हणावं असं माझ्याकडे काहीच नव्हतं, आणि तो चढ चढेपर्यंत हे मला माहीतही नव्हतं. मी टायर भिंतीशी ठेवला, हात झटकले आणि त्याला काही न सांगता पुढचा टायर आणायला वर गेले.